बिनसाखळीची सायकल

डोंगरकडा, फाल्गुन १९३८, मंगळवार

आज ती बिनसाखळीची सायकल वसमतच्या वकिलांना परत द्यायलाच निघालो होतो. तिच्यात साखळीऐवजी लोखंडी दांडा फिरतो, त्यामुळे धोतराला काळा डाग पडत नाही. या एका गुणावर भाळून आठ दिवस वापरून बघायला आणली, पटली तर विकत घ्यायची. पण चढाला जड जाते, आणि मागचं चाक खोलणं म्हणजे घड्याळ खोलणं, असं खुद्द वकीलच म्हणाले. रस्त्यात पंक्चर झालं तर? आठवडाभर हाच घोर.

आणि झालंच. वसमतच्या अलीकडे मागच्याच चाकाची हवा गेली. ढकलत करीमचाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानी नेली. चाक खोलता यायचं नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

चाचा हसले. "मास्तर, पंक्चरला चाक खोलतंय कोण? आमी साखळीवाल्याचं बी खोलत न्हाई." टायर एका बाजूनं उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, ठिगळ लावून आत सारली. मी शेजारच्या पोत्यावर बसून बघत राहिलो. दर वेळी डोळ्यांदेखत हेच तर होतं. मग आठ दिवस घोर कशाचा?

तसाच वकिलांकडे गेलो आणि सांगितलं, सायकल ठेवतो.

घरी आल्याबरोबर सौ.नं धोतराचा काठ निरखून पाहिला. काळा डाग नाही. मी खूश. मग तिनं मला पाठमोरं उभं केलं. ते पोतं हळदीचं होतं.

"काळा तरी घासून निघत व्हता," ती म्हणाली.