रेषेवर सरळ चालणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्याचा सध्याचा मालक, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो की, परवा संध्याकाळी कंत्राटदारांच्या दिवाणखान्यात मी खडूच्या रेषेवरून सरळ चाललो, त्याच क्षणी माझं वाटोळं झालं.

हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघणार नाही. यापुढे ज्या दिवशी मी दारूचा पहिला पेला तोंडाला लावीन, त्या दिवशी मला मेलेला समजून ते अमलात आणावे.

कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर काका म्हणतील, पोरगं बिथरलं. कंत्राटदार म्हणजे चष्मिसचे, माझ्या कॉलेजातल्या चष्मेवाल्या मैत्रिणीचे वडील. काका आणि मी तिच्या-माझ्या लग्नाचं बोलायला गेलो होतो. जावई पारखायची त्यांची रीत अशी, की आधी भरपूर पाजायची, मग फरशीवर रेषा मारून चालायला लावायचं. डुलला तो बाद. मी डुललो नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या घराण्यात कुणाला चढतच नाही!"

"पोरगा पक्का आहे," कंत्राटदार म्हणाले.

चष्मिस उठली. "बाबा, हा नापास झाला."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती आणि मी एकाच पिंजऱ्यासमोर बसायचो. दारू पाजली की काही उंदीर लगेच लडखडायचे, काही ढिम्म. पुढे बाटलीला चिकटायचे ते बहुतेक हे ढिम्मच. मेंदूतली 'पुरे' म्हणणारी घंटा त्यांना उशिरा ऐकू येते, आणि हा बहिरेपणा बराचसा जनुकांतून येतो. मला हे सगळं पाठ होतं. तरी चाललो, छाती काढून!

दाराशी मी तिला म्हणालो, "मी काय तुझा उंदीर आहे?"

"नाहीस. उंदराला नको म्हणता येत नाही. तुला येत होतं."

तिचं खरं होतं, म्हणून जास्तच संताप होतो.

घर आईला. बाबा शेवटपर्यंत डुलले नाहीत. यकृत सडलं तरी रंधा सरळच चालला. "डुलले असते तर भांडले तरी असते रे," असं ती परवा म्हणाली. आता तिने कुणाशीही मनसोक्त भांडावे.

कारखाना, करवती, पटाश्या पॉलिशवाल्याला. त्याला अर्ध्या पेल्यात उलटी होते आणि सगळे हसतात. माझ्या मते त्याच्याइतका नशीबवान कुणी नाही.

काकांना बाबांचा पितळी पेला. बाबांना खाटेवरही "एक घोट घे, तुला कुठे चढतेय" म्हणणारे हेच. त्यांनी त्यातून पाणी पिऊन दाखवावे.

कंत्राटदारांना कारखान्यातली, खडू लावून रेषा मारायची दोरी. पुढच्या जावयाच्या वेळी स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळून बसावे.

चष्मिसला काही नाही. मात्र हे अमलात आणण्याचा अधिकार फक्त तिला. मी जिवंत आहे की मेलो, हे तिने ठरवावे. त्यासाठी तिला माझ्याकडे अधूनमधून बघावे लागेल, त्याला माझा इलाज नाही.

साक्षीदार : शेजारचा शिंपी (सही). कोपऱ्यावरची कंपाउंडरबाई (सही).
ठिकाण : कारखान्याचा माळा. दिनांक : ६ फेब्रुवारी, सकाळ.

खालून काका हाक मारताहेत, "अरे ये, राग गिळ, एक घोट घे!" खाली उतरून पेला मी त्यांच्यासमोर पालथा घालणार आहे. मग याची एक प्रत घेऊन चष्मिसकडे निघणार. काका मागे येऊ नयेत म्हणून कारखान्याचं दार बाहेरून लावून घेईन.

(सही)