धुक्यातून आलेले शब्द

बँकॉक, ६ जानेवारी १९८७

ती. आईस,
पिकुनचा सा. न. वि. वि.

कोलिन शनिवारच्या बसने तुझ्याकडे निघतोय, एकटाच. लग्नाचं विचारलं की तू तांदळाचा भाव सांगतेस, म्हणून म्हटलं, तूच त्याला पारखून घे. लग्नानंतर आम्ही स्कॉटलंडला जाणार हे तुला डाचतंय, ठाऊक आहे मला. त्याला आपली भाषा येते. म्हणजे शब्द येतात, सूर हुकतात. फार हसू नकोस गं. नाही म्हणायचं असेल तर मला लिही, त्याच्या तोंडावर नको.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी पिकुन

नाखोन सावन, १५ जानेवारी

चि. पिकुन हिस,
अ. उ. आ.

पाहुणा पोचला. माणूस गोड आहे, पण तोंड उघडलं की पंचाईत. शेजारच्या चामापमावशीला 'सुवाय', म्हणजे सुंदर, म्हणायला गेला. सूर चढवायचा तो सपाट ठेवला आणि भल्या सकाळी बाईला पनवती म्हणून बसला! मी आपली येताजाता नुसती ख्यालीखुशाली म्हणून भात खाल्लास का विचारते, तर हा बसून काय काय खाल्लं ते सगळं सांगतो.

काल बायकांनी विचारलं, तुझं गाव केवढं लांब? 'ग्लाय, ग्लाय' म्हणाला. सूर सपाट ठेवला तर लांब, खाली सोडला तर जवळ. याने खाली सोडला. अगदी जवळ! सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. मग चूल बघायच्या निमित्ताने आत गेले.

तुला द्यायचं उत्तर अजून सापडत नाही. रागावू नकोस.
तुझी आई

नाखोन सावन, २२ जानेवारी

चि. पिकुन हिस,
अ. उ. आ.

आज पहाटे कोलिन मला न सांगता आपली होडी घेऊन कमळाचे देठ काढायला तळ्यात गेला, आणि मागाहून धुकं उतरलं. काठावर मला माझीच पावलं दिसेनात. आपलं तळं तुला ठाऊक आहे; वेलींत वल्हं अडकलं की माणूस अडकलाच. मी मावशीची होडी सोडली. हाक मारून विचारलं, जवळ आहेस की लांब? तर 'ग्लाय!' त्या घाबऱ्या आवाजात सूर कसला कळतोय!

मग ओरडले, येईल ते बोलत राहा, थांबू नकोस. आणि पोरी, धुक्यातून शब्द येऊ लागले. म्हैस. चविष्ट. केवढ्याला दिलं. काही हरकत नाही. उजवीकडे वळा. पाऊस. मी एकेका शब्दामागे वल्हं मारत होते, होडीखालून कमळं सरकत होती, आणि मला वाटलं, आपली भाषा मी आजच पहिल्यांदा ऐकतेय.

मग त्याचे शब्द संपले. नंतर तुझं नाव आलं. पिकुन. पिकुन. एकदाही सूर चुकला नाही. त्या आवाजाच्या दिशेने गेले, तर हा देठांची मोळी छातीशी धरून बसलेला. रागवायचं राहूनच गेलं. होडीला होडी बांधली आणि घरी आणला.

लग्न पावसाआधी उरकू. तू लांब जाणार, ते दुखणारच. पण तिकडे तुझं नाव नीट घेणारा माणूस आहे, हे मी कानांनी ऐकलंय.

तिकडून पत्रं येत राहू देत.
तुझी आई