गुळगुळीत वाट्या

६ ऑक्टोबर, सोमवार

फसले! धाकटीच्या बालवर्गातली मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर. ‘ताई, तुला तरी घरी बसून काय काम असतं?’ मी घरी बसून लोकांचे लेख दुरुस्त करते, शिवाय दर आठवड्याला एक खवचट सदर लिहिते — पण सख्ख्या बहिणीच्या लेखी ते ‘बसणं’च.

तिच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ही चार वर्षांखालची टोळी. आज कपड्यांच्या चिमट्यांनी कापसाचे गोळे उचलायचे होते. बोटांत बळ येतं म्हणे, पुढे पेन्सिल नीट धरता येते. म्हटलं, ‘पेन्सिल धरून पुढे काय होतं, ते माझ्याकडे बोट दाखवून सांग त्यांना!’

७ ऑक्टोबर

ओला स्पंज या बादलीतून त्या बादलीत पिळणे. निम्मं पाणी माझ्या अंगावर.

९ ऑक्टोबर

एका मुलीला मी मनातल्या मनात पाहुणीबाई म्हणते. खुर्चीच्या टोकाला बसते, परक्या घरी आल्यासारखी. मणी माझ्याहून भराभर ओवते. पण ओलं, चिकट काही दिसलं की बोटं बाह्यांच्या आत! आज मातीचा गोळा पुढे ठेवला, तर रडली नाही की ओरडली नाही. नुसती पांढरी पडली.

‘जबरदस्ती नाही,’ धाकटी म्हणाली. ‘गोळा राहू दे तिच्यासमोर. तिला वाटेल तेव्हा.’

न्यायला वडील आले. ‘मॅडम, ही नुसती बघतच बसते. पालकांच्या दिवशी काही दिसलं तर ठीक, नाहीतर पलीकडच्या शाळेत घालतो. तिथे बोट धरून गिरवून घेतात.’

बोट धरून! या मुलीचं!

१५ ऑक्टोबर

झालं! गोळ्यात अंगठा खुपसून वाटी करायची होती. पाहुणीबाई कितीतरी वेळ गोळ्याकडे बघत बसली. मग एक अंगठा — आत! बाहेर काढला, नाकाशी नेला, आणि पुन्हा त्याच खड्ड्यात.

धाकटी स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मी नाही. मला सर्दी झाली होती.

१७ ऑक्टोबर

उद्या पालक येणार. धाकटी खुर्च्या आणायला गेली, वाट्या मांडायचं माझ्याकडे. ओलं फडकं काढलं, तर एकेक वाटी अशी की जणू तिच्यावर कुणी बसून उठलंय. पाण्याचा हात फिरवला, कडा सारख्या केल्या, खड्डे बुजवले, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्याचं नीटनेटकं करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

१८ ऑक्टोबर

वडिलांनी तिच्या नावाची वाटी उचलली. ‘ही हिनं केली?’

पाहुणीबाईनं वाटीत डोकावलं. आपला खड्डा शोधला. बाहेरून बघितलं, खालून बघितलं.

‘माझी नाही.’

धाकटीनं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीच सांगून टाकलं — ‘तिनं अंगठा दाबला होता. मी बुजवला.’

‘आता यावर मी काय म्हणायचं, बाई?’ ते म्हणाले. आवाजही चढवला नाही. ‘सोमवारी सामान न्यायला येतो.’

सगळे गेल्यावर धाकटी खुर्च्या रचत होती. ‘ताई, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं गं.’ एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर

सदर लिहायला बसले. एक वाक्य सुचेना. सदरातल्या हक्काच्या शेजारणीवरसुद्धा नाही!

२० ऑक्टोबर, सोमवार

वडील रिकामी पिशवी घेऊन दारात उभे. पाहुणीबाई त्यांच्या आधीच आत येऊन बसलेली; मी तिच्यासाठी मातीचा गोळा जरा चपटा करून देत होते. तिनं माझे मातीनं बरबटलेले दोन्ही हात धरले, उचलून माझ्या मांडीवर ठेवले. ‘मावशी, तू नाही करायचं.’ आणि अंगठा खुपसला. मग दुसरा. वडिलांनी बूट काढले आणि आत येऊन बसले.