अण्णांच्या वहीतला आंधळा जज्ज

प्रिय अण्णा,

काल लायब्ररीतून फोन आला. तुमच्या नावावर एक पुस्तक अजून बाकी आहे म्हणे. तुम्ही गेलात हे त्या बाईंना कुठून माहीत असणार? पुस्तक शोधायला तुमची कापडी पिशवी तीन महिन्यांनी उघडली, तर तळाशी तुमची वही निघाली. म्हणून हे पत्र.

अकोल्याला वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली आणि तुम्हाला न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरवलं. ब्याऐंशी साली इथे न्यू जर्सीत आलात, आणि लायब्ररीत मायक्रोफिल्मवरच्या जुन्या वर्तमानपत्रांत तुम्हाला एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन फेडरल जज्ज सापडला. "मरेपर्यंत खुर्ची, बेबी! कायद्यानेच," असं सांगताना केवढा हेवा वाटायचा तुम्हाला. तिशीत नेमणूक, मग चाळीस वर्षं एकच कोर्ट. बुडालेली जहाजं, खोट्या नोटा, दिवाळखोर व्यापारी. बढती मात्र कधीच नाही. रोज जेवताना तोच विषय. मी वैतागून म्हणायचे, "अण्णा, एनफ. तो कधीच मेलाय." एवढं तोडून बोलायची काय गरज होती मला?

मग तुमचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना मी कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि विनवलं, कॅन्सर हा शब्द त्यांच्यासमोर काढू नका. पेशंटला हक्क आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्यात असं सांगत नाहीत. तुम्हाला आणि आईला सांगितलं, "अल्सर आहे, डाएट सांभाळायचं." जन्मभर दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल न देणाऱ्या माणसाचा निकाल मी त्याच्या पाठीमागे लावला. तुम्ही चष्मा पुसत एवढंच म्हणालात, "बरं. मग तिखट बंद."

या वहीत तुम्ही त्या जज्जाचीच हकीकत लिहीत होतात. शेवटची पानं त्या अल्सरनंतरची आहेत. अक्षर हललंय. जज्जाची दृष्टी जाते. त्याचा कारकून रोज सगळे कागद वाचून दाखवतो. म्हाताऱ्याने आता पद सोडावं, असा वकिलांनी अर्ज केलेला असतो. तेवढा एक कागद कारकून कधीच वाचून दाखवत नाही. पुढे तुम्ही लिहिलंय, "जज्जाला हे ठाऊक होतं. याला पुरावा नाही. पण वकिलांचा विषय निघाला की कारकुनाचा आवाज अडखळत असणार. बिचाऱ्यावर तो अर्ज वाचायची वेळ येऊ नये, म्हणून म्हातारा गप्प राहिला."

पुराव्याशिवाय तुम्ही आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती, अण्णा.

गोळ्या देताना माझा आवाज अडखळायचा का? मग विचारलं का नाहीत? मी कबूल केलं असतं. बहुधा. निदान शेवटचे दोन महिने आपण खरं बोललो असतो. त्याऐवजी ताकात मीठ किती, यावर बोलत बसलो. तुमचा राग येतो मला. स्वतःचा त्याहून जास्त.

आई अजून अल्सरच म्हणते. मोतीबिंदूमुळे तिला तुमचं अक्षर लागत नाही. काल विचारत होती, "काय लिहिलंय गं त्यांनी?" मी म्हटलं, "काही नाही, कोर्टाचं."

रविवारी तिला शेजारी बसवून अख्खी वही वाचून दाखवीन, आणि ती विचारेल ते सगळं सांगेन. आवाज अडखळला तरी एकही ओळ गाळणार नाही.

तुमची,
बेबी