डोळ्यांची साथ

वाशी, नवी मुंबई
१३ सप्टेंबर १९८१

शिवराम दाजींना किसनचा सप्रेम जयभीम.

तुम्ही, तुमच्या आई जाईबाई आत्या आणि वैजयंती खुशाल असाल अशी आशा. पाकिटावरचं माझं अक्षर बघून चपापला असाल. चार वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तुम्हीही नाही. भांडायला लिहीत नाहीये, एवढं आधीच सांगतो. पत्र शेवटपर्यंत वाचा.

अंबाजोगाईला डोळ्यांची साथ पोचली का? इकडे तर कहर झाला. खाडीपुलाच्या अलीकडे काय, पलीकडे काय, ज्याला बघावं त्याचे डोळे लालभडक. बसस्टॉपवर काळे चष्मे विकणाऱ्यांची रांग लागली. आमच्या कंपनीत निम्मी पाळी घरी बसली. नजरेला नजर दिली की साथ लागते, असं लोकांनी धरलंय. डॉक्टर सांगून दमले, बाबांनो, तसं नसतं, हात धुवा, टॉवेल वेगळे ठेवा. ऐकतो कोण? अख्खी वाशी खाली मान घालून चालत होती.

अरुणाला आधी लागण झाली, मग मला. आता दोघं बरे आहोत. तुम्ही डोळ्यांना हात लावू नका, पोरीलाही लावू देऊ नका.

आता अक्काचं लिहितो. तुम्हाला लिहायच्या पत्रात तिचं नाव यावं की नाही, याचा चार दिवस विचार केला.

तुम्ही तिला आमच्या दारात सोडून गेलात तेव्हा जशी होती, तशीच ती राहिली. आतली खोली, खिडकीच्या काचेला तिनेच चिकटवलेलं वर्तमानपत्र, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. माणसं डोळ्यांतून आत शिरतात आणि मनातलं घेऊन जातात, हे तिचं म्हणणं तुम्हाला माहीत आहेच. माझ्याशी बोलायची तीसुद्धा भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरांकडे न्यायचं तर डोक्यावरून चादर घ्यावी लागे. जेवायची, झोपायची, कुणाला त्रास नाही. आम्हाला वाटायचं, चला, बरी आहे. याला बरं म्हणतात का, ते आम्ही कधी स्वतःला विचारलं नाही.

एके दिवशी सकाळी मी आणि अरुणा उठलो तर दोघांच्याही पापण्या चिकटलेल्या. उघडता येईनात. पाणी तापवायचं कुणी, दूध आणायचं कुणी? मी भिंत चाचपडत मोरीकडे निघालो आणि कुणीतरी दंडाला धरून मला खाली बसवलं. कोमट पाण्याचा कापूस डोळ्यांवर टेकला. अक्काचा हात, दाजी. लहानपणी ती माझं तोंड धुवायची तेव्हाचाच.

"कामून रडतोस?" ती म्हणाली.

"रडत नाही गं, डोळे आलेत."

"बाहेर पण सगळ्यांचं असंच झालंय?"

"होय. कुणाला धड दिसत नाही. जो तो खाली बघून चालतो."

तिने कापूस खाली ठेवला. मग म्हणाली, "मग दूध मी आणते."

दाराची कडी वाजली. मी हाका मारत उठलो, तर अरुणाने माझा हात घट्ट धरला. "जाऊ द्या त्यांना." आम्ही दोघं नवरा-बायको आंधळ्यांसारखे खाटेवर बसून जिन्यावरचं प्रत्येक पाऊल ऐकत होतो. तिला रस्ता सापडेल का? कुणी हसलं तर? मोटारीखाली आली तर? मनात काय काय आलं ते लिहवत नाही.

ती आली. दूध आणलं होतं, आणि कोथिंबिरीची जुडी. कोथिंबीर कुणी सांगितली नव्हती.

"हिरवीगार दिसली," ती म्हणाली, "म्हणून घेतली."

चार वर्षांत तिला आपणहून काही हवंसं वाटलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. अरुणा त्या जुडीचा वास घेत राहिली. मला दिसत काहीच नव्हतं, पण घरात कुणीतरी नवीन माणूस आल्यासारखं वाटत होतं.

मग ती रोज जायला लागली. माझा एक डोळा किलकिला उघडू लागला तेव्हा मी बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून बघायचो. कोळीवाड्यातली वेणूबाई आमच्याकडे मासळी घेऊन येते. तिचेही डोळे सुजून गच्च झालेले. डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. अक्का दिसली तशी म्हणाली, "बाय, माजे डोले पार मिटलेत. हात धर नं, पलीकडं ने."

अक्का थबकली. मी खिडकीचा गज आवळून धरला. आणि तिने हात धरला, दाजी. परक्या बाईचा हात धरून, पाटीला दुसरा हात लावून, माझी बहीण भर रस्ता ओलांडून गेली. मी उभ्या आयुष्यात बरंच काही पाहिलं, पूल बांधताना पाहिला, खाजणाच्या चिखलात इमारती उभ्या राहताना पाहिल्या. असं काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वेणूबाईबरोबर खाडीपर्यंत गेली. येऊन मला सांगते, "अरे, ते पाणी सकाळी इकडं येतं अन् दुपारी माघारी जातं!" खाडीपासून हाकेच्या अंतरावर चार वर्षं राहून तिने भरती-ओहोटी आत्ता पाहिली.

इथेच पत्र संपवलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण साथ आता ओसरली. लोकांचे चष्मे उतरले, माना वर झाल्या. परवा अक्का कोपऱ्यापर्यंत गेली आणि तशीच माघारी फिरली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आजार गेला असं समजू नका. गोळ्या चालूच राहतील. पण जग तिला थोडं सोयीचं झालं तर ती किती चालू शकते, ते पाहिलंत ना?"

काल संध्याकाळी तशीच पडल्या पडल्या बोलली. "किसन्या, वैजूचे डोळे आले असतील का रे? तिचे कोण पुसतं?"

चार वर्षांत तिने पोरीचं नाव काढलं नव्हतं. आम्ही समजत होतो, विसरली.

तुम्ही दुसरं लग्न केलंत, ते मी तिला सांगितलेलं नाही. वैजयंतीला आईबद्दल तुम्ही काय सांगितलंय, ते मला ठाऊक नाही. तुमचा संसार मोडायचा नाही मला. दिवाळीच्या सुट्टीत पोरीला एक दिवस घेऊन या. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो.

किसन


वाशी
५ नोव्हेंबर १९८१

शिवराम दाजींना सप्रेम जयभीम.

तुम्ही सुखरूप पोचला असाल. तुम्ही पोरीला जिन्यापर्यंत सोडलंत आणि खालीच थांबलात. मीही आग्रह केला नाही. वर काय झालं ते वैजयंतीने सांगितलं असेल, पण ती नऊ वर्षांची आहे. मोठ्या माणसाने पाहिलेलंही तुम्हाला कळावं, म्हणून लिहितो.

पोरगी आत आली आणि अक्काने पदर डोळ्यांवर ओढून भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, चुकलं आपलं. वैजयंती दारातच उभी. तिने अरुणाला हळूच विचारलं, "आईला माझी भीती वाटते?"

अरुणा म्हणाली, "तुझी नाही गं. कुणी बघितलं की तिला भीती वाटते."

पोरीने जरा विचार केला. मग ती अक्काच्या जवळ गेली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसली. म्हणाली, "गाडीत माझी वेणी सुटली."

ही अक्कल तिला कुणी शिकवली, दाजी? आम्हा थोरांना चार वर्षांत सुचली नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग अक्का वळली. फळीवरून फणी घेतली, पोरीच्या मागे बसली, आणि केस सोडवायला लागली. गुंता हळूहळू, मुळाशी धरून, पोरीला दुखू न देता.

"किती वाढले," ती म्हणाली.

"नवी आई तेल लावते," वैजयंती म्हणाली.

अक्काचा हात थांबला. अरुणाने माझ्याकडे बघितलं. जे मी इतकी वर्षं लपवलं, ते पोरीने दोन शब्दांत बोलून टाकलं होतं.

अक्काने केस बोटांनी विंचरून पाहिले. म्हणाली, "चांगलं लावते. कोंडा नाही." आणि फणी पुन्हा चालू झाली.

दोन वेण्या झाल्या, रिबिनी झाल्या. मग वैजयंती वळली. समोरासमोर. अक्काने पदर उचलला होता, तो तसाच हातात राहिला. डोळ्यांवर गेला नाही. ती बघत राहिली. पोरगीही. मी आणि अरुणा मागच्या मागे स्वयंपाकघरात सरकलो. तिथे उभं राहायचा आम्हाला काही अधिकार नाही, असं वाटलं.

त्या रात्री ती जेवली नाही, आणि नंतर दोन दिवस अंथरुणातच होती. खोटं कशाला लिहू? काल मात्र वेणूबाईची हाक ऐकून खाली गेली. तिचं असंच चालतं, कधी जाते, कधी अर्ध्या जिन्यातून परत येते. आम्ही आता काही म्हणत नाही.

तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, जसाच्या तसा लिहितो. तुम्ही खाली उन्हात उभे होतात ते तिने खिडकीचा कागद बाजूला करून पाहिलं होतं. म्हणाली, "पुढच्या वेळी वर या म्हणावं. चहा घेऊन जा. मी बघणार नाही त्यांच्याकडे, त्यांनी भिऊ नये."

तुमचा, अजूनही मेहुणाच,
किसन