सातवा फर्मा

प्रिय धाकट्या,

पत्राबरोबर एक जड पुडी आहे, ती आधी उघडू नकोस. लहानपणापासून तुझा हात आधी पुडीकडे आणि मग पत्राकडे. या खेपेला ताईचं ऐक आणि क्रमानं घे.

पहिल्यांदा तुझी माफी मागते. घड्याळजींच्या मंडळींचं प्रार्थनेचं नवं पुस्तक तुझ्यापर्यंत पोचलं असेल, तर तू त्यांना बिननावाची पाठवलेली स्वतःची प्रार्थना त्यात शोधली असशील आणि ती सापडली नसेल. घड्याळजींच्या नावानं बोटं मोडू नकोस. त्यांनी ती छापली होती. मी ती भलत्या घरी पाठवली. कशी, ते सांगते.

तू गेल्याला अकरा वर्षं झाली, पण प्रार्थनाघराच्या मधोमध ती भिंत अजून आहे. अलीकडे उभं राहून प्रार्थना करणारे, पलीकडे बसून करणारे. देव बिचारा नेमका कुठल्या बाजूला असतो, ते त्यालाच ठाऊक. उभ्यांचे मुख्य घड्याळजी, बसणाऱ्यांचे शिंपीमामा. एके काळी दोघं एकाच पेल्यातून पाणी प्यायचे, आता समोरून आले तर रस्ता ओलांडतात. आणि आपल्या घरी बाबा बसणारे, तू उभा राहणारा. उभाच राहणार असशील तर या घरात तुला बसायला जागा नाही, हे बाबांचं वाक्य आणि भरलं ताट सोडून तुझं निघून जाणं मी काही केल्या विसरत नाही. त्या दिवसापासून मी दोन्हीकडे जायचं बंद केलं. कोणी विचारलं तर सांगते, माझं प्रार्थनाघर म्हणजे माझं बाइंडिंगचं टेबल. सुईत दोरा ओवताना रोज मागते, की हे सगळ्यांचं भांडण मिटू दे. ते जमत नसेल तर निदान आमच्या घरातलं तरी मिटव. देवाशी घासाघीस करायची मला लाज वाटत नाही.

तर यंदा दोन्ही बाजूंनी पुस्तकं नव्यानं छापून घेतली. गावात छापखाना एक आणि बाइंडिंगवालीही एकच, तेव्हा दोन्ही कामं माझ्याकडे आली. तीनशे यांची, तीनशे त्यांची. सोळा पानांची एक घडी, म्हणजे एक फर्मा. असे बारा फर्मे क्रमानं लावायचे आणि शिवायचे. आकार तोच, टाइप तोच, कागदही तोच. घड्या घालताना मी उभ्यांचा सातवा फर्मा सहज वाचला आणि माझे हात थांबले. शांतीसाठी नवी प्रार्थना होती, खाली नाव नव्हतं. पण तिच्यात एक ओळ होती: आमच्या मनाचं दार नुसतं ओढलेलं राहू दे, कडी लावू देऊ नकोस, कोणी यायचं राहिलं असेल. अरे, हे आईचं बोलणं! शेवटी आत येणाऱ्याला ती रोज हेच सांगायची. दुसऱ्या कोणाला सुचणार होतं? मी तो सगळा गठ्ठा माझ्याकडे ओढला आणि टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडले. मग डोळे पुसले, गठ्ठा परत ठेवला आणि कामाला लागले.

ठेवला तो बसणाऱ्यांच्या रांगेत. आणि त्यांचा सातवा सरकला उभ्यांच्या रांगेत. फर्मे नीट लागले की नाही ते पाठीवरच्या काळ्या खुणांवरून बघतात. खुणा पायरीपायरीनं उतरत गेल्या की झालं. दोन्ही पुस्तकांत सातव्याची खूण सातव्याच जागी, त्यामुळे माझी तपासणीही बिनचूक निघाली. बत्तीस वर्षांच्या कामात पहिली चूक, आणि ती सहाशे पुस्तकांत!

चार महिन्यांनी जादा राहिलेली एक प्रत हातात आली, तेव्हा कळलं. तोंडचं पाणी पळालं माझ्या. मागे प्रार्थनेतल्या एका शब्दावरून याच लोकांनी एकमेकांच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या होत्या, शिंपीमामांच्या मुलीचं लग्न मोडलं होतं. आता तर सोळा पानं! काम जाईल, दुकानाला दगड बसतील, हे होतंच. पण खरी भीती वेगळीच होती. बाबा उजाडलं की खुर्चीत बसून नव्या पुस्तकातली नेमकी तीच प्रार्थना मोठ्यानं वाचायचे. ती प्रार्थना तुझी आहे हे कळलं की ते पुस्तक मिटतील आणि तुझ्या येण्याची उरलीसुरली आशा संपेल, असं मला वाटत होतं. अकरा दिवस मी तोंड उघडलं नाही. ताट तसंच झाकून ठेवायचे. शेवटी म्हटलं, एक घाव दोन तुकडे, आणि आधी शिंपीमामांकडे गेले.

ते मशीन थांबवून हसायलाच लागले. म्हणाले, आम्हाला वाटलं घड्याळजीनंच दोन पावलं पुढे येऊन ही प्रार्थना दिली असेल, म्हणून गप्प बसलो. आता लोकांना तोंडपाठ झाली आहे, तू पुस्तकातली शिवण उसवशील, तोंडातली कशी उसवणार? घड्याळजी मात्र भडकले. त्यांना पत्ताच नव्हता, कारण ते कायम डोळे मिटून, पाठ असलेलंच म्हणतात. आठ दिवसांत सगळी पुस्तकं परत आण आणि नीट शिव, म्हणाले. मी दारोदार निरोप दिले. तीनशेतली नऊ आली. बाकीच्यांचं म्हणणं, बसणाऱ्यांच्या सातव्या फर्म्यातून आजोबांच्या वेळची जुनी सांजप्रार्थना इतक्या वर्षांनी परत मिळाली, आता द्यायची नाही. नववं पुस्तक आल्यावर घड्याळजी माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले (हो, बसले!) आणि म्हणाले, राहू दे. भिंत अजून आहे बरं का. पण परवा दोघांना रस्त्याच्या एकाच बाजूनं जाताना मी पाहिलं. बोलत नव्हते, पण एकाच बाजूनं.

राहिले बाबा. काल सकाळी त्यांचं वाचून झालं आणि मी जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, झालं, संपलं. मग ते माझ्यावरच खेकसले, की चाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिचं वाक्य मला ओळखू येणार नाही होय? पहिल्याच दिवशी ओळखलं होतं त्यांनी. मी मुद्दाम घातलंय असं समजून, मी कबूल कधी करते याची वाट बघत बसले होते. आणि अकरा दिवस मी उपाशी! खरं सांगते, इतकी हलकी मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते. मी हसत होते आणि ते रडत होते, मग उलट झालं.

तू गेल्यापासून दिवस कलला की बाबा स्वतः उठून दाराची कडी लावायचे, मला लावू द्यायचे नाहीत. काल दुपारी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. एक नखही तुटलं, पण मला हात लावू दिला नाही. तीन स्क्रू निघाले, चौथा मोडून आतच राहिला. हे पत्र त्यांनीच लिहायला सांगितलं, स्वतः लिहायचा धीर होईना त्यांना. म्हणाले, त्याला लिही, हवं तर उभा राहा, हवं तर बस, पण ये. आणि खात्री पटावी म्हणून हे बरोबर पाठव. आता पुडी उघड. कडी आहे. दार ओढलेलं आहे.

तुझीच,
ताई