हिरव्या दाराची तपासणी

नाचणगाव, शुक्रवार

चि. रत्नदीप यास बापूराव मामाचा जय भीम. आम्ही दोघे बरे आहोत (माझा गुडघा सोडून). तुझी आई व लेकरे खुशाल असावीत. नागपूरच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधत जा.

बाबू, तू होतास म्हणून घर झाले. तुझ्या मामीने ते पाहून पसंत केले, आणि घेण्याआधी काय तपासायचे याची यादी तू लिहून पाठवलीस. मला वाटले, सांगून गेलो तर मालक भैय्याजी दोष झाकून ठेवेल. म्हणून न सांगता एकटाच गेलो. खूण माहीत होती, टाकीजवळचे हिरवे दार. दार एका बाईंनी उघडले. माझ्या हातातला कागद व पेन पाहून खुर्ची दिली आणि स्वतःच दोष दाखवू लागल्या. “हे भोक पाहा जी, हात घालून पाहा. इथून पानी येते, साहेब, लिहा!” विकणारे इतके प्रामाणिक असतात हे चौथी शिकलेल्या माणसाला काय माहीत? छपराच्या फुटक्या कवेलूंपासून सतरा दोष लिहिले. वर अद्रकाचा चहा. “मंग काम कवा लागते?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, पाहू, मंगळवारनंतर.

तुझ्या मामीला बोललो नाही. चौतीस वर्षे भाड्याच्या खोल्यांत कोणत्याही मालकाने तिला भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. बाबासाहेबांचा फोटो कपाटावर टेकवूनच राहिला. मंगळवारी रजिस्ट्रीच्या ऑफिसात ती पिशवीत सहा इंची खिळा घेऊन बसली होती. आणि मी अंगठा द्यायला तयार नव्हतो! बाहेर जाऊन तुला फोनवर यादी वाचून दाखवली. तू एवढेच विचारलेस, “मामाजी, कागदात तर स्लॅब आहे. तुमाले कवेलू कुठं दिसले?”

मी शेजारच्या सुमित्राबाईंचे घर तपासले होते. त्यांचेही दार हिरवेच. घरकुलाच्या सर्व्हेला साहेब आले असे त्या समजल्या.

मग घामेजलेला अंगठा दिला. मशीनने तो चौथ्यांदा घेतला. तुझी मामी रडली. तुझे भले होवो, बाबू.

तुझा मामा,
बापूराव

ता. क. सुमित्राबाईंना खरे सांगायची हिंमत झाली नाही. त्या रोज चहा पाठवतात. त्यांच्या घरकुलाचा अर्ज सोबत जोडला आहे, दोष सगळे खरे आहेत. तू बांधकाम खात्यात आहेस, तो कुठे द्यायचा ते पाहा आणि लवकर येजो. मला साहेब म्हणवून घेणे सोसत नाही.

आणखी एक. बुधवारी तुझ्या मामीने खिळा ठोकला. दोन्ही घरांची मधली भिंत एकच आहे. खिळा पलीकडे निघाला. सुमित्राबाई लगेच आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, अठरावा लिहा.”